हवेत काढलेली म्हैस

कोल्हापूरला मी देवदर्शनाला गेले नव्हते आणि चपला आणायलाही नाही. एका म्हशीचं चित्र जमवायला गेले होते, आणि ते जमवून आले. हे आधीच सांगून टाकते, कारण मला फार वेळ नम्र राहता येत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याची. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलतात, आई ब्लाउज शिवते. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत पदवी घेतलेली मी पहिली. तीही चित्रकलेची, त्यामुळे नातेवाईक अजून विचारतात, "मग पुढं काय?" पुढं हे, की पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत मी नोकरी करते. आम्ही व्हीआरसाठी गोष्टी बनवतो. म्हणजे डोळ्यांवर डब्यासारखा एक चष्मा चढवायचा, आणि मान वळवाल तिकडे गोष्टच दिसते. समोर, मागे, डोक्यावर. बहुतेक लोक असलं जग कॉम्प्युटरवर आयत्या मिळणाऱ्या मॉडेलांतून रचतात. ते दिसतं गुळगुळीत, बाजारातल्या प्लास्टिकच्या फळांसारखं. मला ते हाताने काढायचं होतं. रेघ दिसली पाहिजे, आणि रेघेमागे माणूस आहे हे कळलं पाहिजे.

आमची नवी गोष्ट कोल्हापूरच्या गवळ्यांची होती. दिवाळीच्या पाडव्याला ते म्हशी सजवतात आणि आपल्या मोटारसायकलमागे पळवतात. बघणारा गल्लीत उभा आणि म्हशी त्याच्या अंगावर धावत येतात, अशी कल्पना. मी कागदावर एक झोकदार म्हैस काढली आणि ती त्या जगात उभी केली. मधुरा मॅडम, म्हणजे आमच्या स्टुडिओच्या मालकीण, चष्मा घालून बघायला लागल्या. समोरून खूश झाल्या. मग एक पाऊल बाजूला सरकल्या, तर म्हैस गायब! कागदच तो, कडेवरून काय दिसणार?

"ही पुठ्ठ्याची म्हैस आहे," त्या म्हणाल्या. "आयतं मॉडेल घेऊ या. उगाच हट्ट नको."

मी हट्ट केला. शेवटी त्यांनी अट घातली. दिवाळीत कोल्हापूरला जा, ज्यांच्या म्हशी आहेत त्यांनाच चष्मा घाल. पाडव्यापर्यंत त्यांना ती म्हैस वाटली, तर अख्खी फिल्म तुझ्या हातची. नाही वाटली, तर मॉडेल. मी हो म्हणाले, आणि पाठीवर बोचकं टाकलं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी

माझ्याबरोबर रोहित होता. तो नाशिकचा. चष्मा, लॅपटॉप आणि वायरी सांभाळणं त्याच्याकडे. त्याची सोय लॉजवर आणि माझी कॉलेजातल्या मैत्रिणीच्या घरी. मैत्रीण बंगळूरला असते, पण तिच्या आईने, जिला मी मावशी म्हणते, मला दारातच ताब्यात घेतलं. घर जैनांचं. दिवस बुडायच्या आत जेवण उरकायचं. आमच्याकडे रात्री नऊला चूल विझते, इथे ऊन भिंतीवर असतानाच ताटात भाकरी, दोडक्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. "पोटभर खा गं, आता सकाळपर्यंत काही मिळायचं न्हाई," असं म्हणत मावशीने चौथी भाकरी वाढली. मी विश्वास ठेवला आणि खाल्ली.

तिथून गवळ्यांच्या गल्लीत गेलो. मैत्रिणीच्या ओळखीने बापूंचं घर ठरलं होतं. बापू पन्नाशीचे. आवाज असा, की ते गल्लीच्या एका टोकाला बोलले तर दुसऱ्या टोकाचं भांडण थांबावं. चार म्हशी दारात आणि बाकीच्या कळंब्याच्या गोठ्यात.

"या पावणं! कुठलं गाव म्हणायचं?"

"यवतमाळकडचं."

"लै लांब की! आणि ह्ये?"

"नाशिक," रोहित म्हणाला.

"त्येबी काय जवळ न्हाई. बसा. शिकलीस किती गं पोरी?"

"चित्रकलेची पदवी आहे."

"चित्रं काढायला कॉलेज लागतंय व्हय?"

"म्हशी सांभाळायला लागत नाही. चित्राला लागतं."

बोलून गेले आणि जीभ चावली. बापूंनी क्षणभर माझ्याकडे रोखून पाहिलं आणि एवढ्या मोठ्याने हसले की दारातल्या म्हशीने मान वर केली. "शालन, ही आपल्यातलीच हाय गं. ताट वाढ!"

ताट? मी घाबरून सांगितलं की चार भाकरी पोटात आहेत. शालनकाकी, म्हणजे बापूंच्या मिसेस, पदर खोचून म्हणाल्या, "उद्यापासनं दिवाळी. मग मटान कुठलं? जे काय खायचं ते आजच. आणि जैनाच्या घरचं जेवण म्हणजे काय जेवण हाय व्हय?" मावशीने हे ऐकलं असतं तर दोन्ही गल्ल्यांत युद्ध पेटलं असतं.

मी सावजी खाऊन वाढलेली मुलगी. तिखटाचं मला कौतुक नाही. पण आमची सावजी पहिल्याच घासाला जीभ पेटवते. तांबडा रस्सा तसा नाही. तो आधी गोड बोलतो, तुमची चौकशी करतो आणि तुम्ही सैल झालात की कानामागे वाजवतो. मग पांढरा रस्सा येऊन पाठीवरून हात फिरवतो. रोहित तांबड्याला हात न लावता पाच वाट्या पांढरा प्यायला. काकी त्याला शेवटपर्यंत "पांढरं पावणं" म्हणत होत्या.

हात धुऊन बाहेर आलो आणि मी पहिल्यांदा शेवंताला नीट पाहिलं. बापूंची लाडकी म्हैस. शिंगं मागे वळून पाठीवरून गेलेली, तलवारीसारखी. एवढं काळं जनावर, पण बल्बच्या उजेडात पाठीवर निळी झाक. रंगांच्या पेटीतला काळा तिच्यापुढे राखाडी वाटेल.

वसुबारस: खालून आभाळ

आमच्याकडे वसुबारसेला गाय-वासराची पूजा. म्हशीला त्या दिवशी कुणी विचारत नाही. बापूंच्या दारात मात्र गायीच्या आधी शेवंताला कुंकू लागलं. कारण विचारलं तर बापू म्हणाले, "घर कुणी बांधलं? हिनं. मग?"

पूजा आटोपली आणि मी पिशवीतून चष्मा बाहेर काढला. पुठ्ठ्याच्या प्रकारानंतर मी शहाणी झाले होते. आता कागद बाद. चष्मा घालून, दोन हातांत दोन कंट्रोलर धरून थेट हवेत रेघ ओढायची. रेघ तिथेच लटकून राहते आणि तिच्याभोवती फिरता येतं. पुण्यात बसून मी अशी हवेतली म्हैस काढून आणली होती. तारेची जाळी वळवून केल्यासारखी, पण चारी बाजूंनी बघता येणारी. निदान माझा तसा समज होता.

बापूंना चष्मा चढवला. आत दिसतं ते रोहितच्या लॅपटॉपवरही दिसतं, त्यामुळे गल्ली लॅपटॉपभोवती जमली.

"आयला! म्हस हाय की!"

माझ्या जिवात जीव आला. आणि तेवढ्यात बापूंनी ते केलं, जे आमच्या स्टुडिओत एकानेही केलं नव्हतं. ते दोन पावलं बाजूला गेले आणि म्हशीच्या पोटाशी उकिडवे बसले. गवळ्याला म्हैस दिसली की तो बसतो. आम्ही सगळे तिला उभ्याने बघणारे.

बापूंनी पोटाखाली डोकं घातलं. मग वर-खाली मान. मग एकदम गर्जना.

"अगं, हिची कास कुठाय? सड न्हाईत, कायबी न्हाई! खालनं नुसतं आभाळ दिसतंया!"

हो, मी कास काढलीच नव्हती. गल्लीत उभ्या माणसाला दिसणार नाही म्हणून पोटाखाली रेघच ओढली नव्हती. दुधावर जगणाऱ्या गल्लीत मी बिनकासेची म्हैस घेऊन आले होते.

"भाकड असंल," कुणीतरी म्हणालं.

"भाकड म्हशीलाबी कास असतीया!"

समोरच्या घरातले तानाजीभाऊ बापूंचे जुने प्रतिस्पर्धी. दोघांची दरवर्षी पाडव्याला चढाओढ. ते लॅपटॉपवर वाकून म्हणाले, "बापू, घेऊन टाक की. हिला चारा न्हाई, पाणी न्हाई. दूध तेवढं पावडरचं घालाय लागंल."

गल्ली हसून लोळली. मीही हसले. न हसून करते काय? तेवढ्यात मधुरा मॅडमचा फोन आला आणि रोहित खोटं बोलू शकत नाही, हा त्याचा मोठा दोष. त्याने सगळं सांगितलं.

"मग मी मॉडेलचं बघू का?" मॅडम म्हणाल्या.

मी फोन ओढून घेतला. "पाडव्यापर्यंत म्हणाला होतात. पाडवा अजून यायचाय."

कट्टा आणि काथ्या

दुसऱ्या दिवशी उजाडतानाच गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जाऊन बसले. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. भर शहरात, रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात. तुम्ही गेलात की तुमच्या डोळ्यांदेखत धार काढतात आणि तो कोमट, फेसाळ ग्लास हातात देतात. पहिलवान पोरं आणि बँकेतले साहेब एकाच रांगेत. आमच्याकडे दूध दोनदा उकळल्याशिवाय तोंडाला लावत नाहीत. आईने पाहिलं असतं तर आधी माझ्या कपाळाला हात लावला असता. मी प्यायले. गोड लागलं, आणि थोडा म्हशीचाच वास. रोहित डोळे मिटून प्यायला, आणि डोळे उघडून त्याने दुसरा ग्लास मागितला.

मी प्रत्येक म्हशीच्या पोटाशी बसून वहीत कास काढत होते. वही भरली, पण मन भरेना. काढलेली कास उद्या त्या तारेच्या जाळीला चिकटवली, तरी ती जाळीच राहणार. खालून आभाळ दिसलं ही एक चूक झाली. मुळात माझ्या म्हशीला वजनच नव्हतं. बाह्यरेषा काढायची सवय. कागदावर रेघेच्या आतली जागा बघणारा स्वतः भरून घेतो, हवेत कोण भरणार?

दुपारी रोहित आणि मी बापू-काकींबरोबर कळंब्याला, त्यांच्या गोठ्यावर गेलो. पाडव्यासाठी म्हशी धुवायच्या होत्या, म्हणून शेवंतासकट दारातल्या चारही तिकडे नेल्या होत्या.

"मी धुते शेवंताला," मी म्हणाले.

"कापडं खराब व्हतील."

काकींनी त्यांचा जुना गाऊन माझ्या अंगावर फेकला. तो मी चुडीदारवरून चढवला आणि काथ्या घेऊन भिडले. नळीचं पाणी पडलं आणि शेवंताने डोळे मिटले. मी खांद्यापासून सुरुवात केली. हात पाठीवरून वर गेला, पलीकडे उतरला, बरगड्यांवरून खडबडत पोटाखाली गेला, कासेच्या मऊ भागाशी आपोआप हलका झाला. परत वर. शेपटीजवळचं हाड आलं की हात थबकायचा. एवढ्यात रोहितने माझा फोन माझ्या कानाला लावला. आई होती.

"काय करून राहिली वो?"

"म्हशीले आंघोळ घालून राहिली."

"त्याच्यासाठी शिकवलं का तुले?"

"हो, त्याच्यासाठीच," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच मला ते कळलं. हाताला म्हैस पाठ झाली होती. बाह्यरेषा कुठे नव्हतीच. म्हैस म्हणजे काथ्याचे फटकारे. प्रत्येक फटकारा अंगाभोवती वळणारा. जिथे हात दाबला तिथे जाड, जिथे हलका झाला तिथे विरळ. खांद्यापासून पोटाखालपर्यंत एक सलग हात, म्हणजे एक सलग रेघ. अशी धुतल्यासारखी म्हैस काढायची!

फोन ठेवायचं भान राहिलं नाही. रोहितने आईला सांगितलं, "काकू, तिला काहीतरी सुचलंय," आणि आईने विचारलं म्हणे, "म्हशीवरून?"

संध्याकाळपासून बापूंच्या अंगणात काम सुरू केलं. चष्मा घातला की मला बाहेरचं काही दिसत नाही. दिसते फक्त हवेतली काळी म्हैस, जी मी दारात बांधलेल्या शेवंताला लागूनच काढत होते. मी कधी टाचा उंचावून पाठ घासते आहे, कधी ओणवी होऊन पोटाखाली हात घालते आहे, कधी कासेशी उकिडवी बसले आहे. बाहेरून बघणाऱ्याला हे काय दिसत असेल? तानाजीभाऊंचा आवाज आला, "शालनवहिनी, पोरीच्या अंगात आलंय. इचारून घ्या, आमच्या पोराचं लगीन कवा जमतंय!"

"तुमचंच इचारते," काकी म्हणाल्या. "यंदा तरी तुमची म्हस पळतीया का!"

शेवंताला मात्र माझी लगबग आवडली नसावी. मी तिच्या चित्राच्या शेपटीशी गेले, म्हणजे खऱ्या शेवंताच्याही शेपटीशी गेले, आणि शेणात भिजलेली शेपटी सपकन चष्म्यावर बसली. रोहित किंचाळला. चष्म्याची किंमत त्याला पाठ आहे. तेवढा वेळ मी अंगणात काहीच दिसत नसलेली, शेणाने माखलेली पदवीधर उभी होते.

पुढचे दिवस दिवाळीचे. अभ्यंगस्नान मावशीकडे, फराळ दोन्हीकडे आणि काम अंगणात. म्हैस हलती करायची तर तीच म्हैस पुन्हा पुन्हा काढावी लागते, प्रत्येक वेळी जरा पुढे सरकलेली. दोन चित्रं हाताने कधीच तंतोतंत सारखी येत नाहीत, म्हणून रेघा थरथरतात. कॉलेजात आम्हाला हा दोष म्हणून शिकवला होता, जितका कमी तितकं बरं. पण शेवंताच्या अंगावर माशी बसली आणि तिने कातडी नुसती थरारून ती उडवली, तेव्हा मी थरथर पुसायचं सोडून दिलं. म्हशीचं अंग स्थिर नसतंच. माझ्या हाताचा दोष तिच्या कातडीला बरोबर बसला.

पाडवा

पाडव्याचं वर्णन करायला मला आवाज लागेल, आणि तो कागदावर येत नाही. शेवंताची शिंगं गुलाबी रंगवलेली, त्यांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ, पायांत तोडे. बापूंनी गाडीचा सायलेन्सर काढला होता. किक मारली आणि माझ्या छातीत दणके बसायला लागले. गाडी सुटली, बापूंनी मागे वळून "शेवंतेऽऽ" अशी हाळी दिली, आणि एवढी जड म्हैस मोरपिसं उडवत त्यांच्यामागे सुटली. दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, मध्ये धूळ आणि ती धूळ फाडत येणारी शिंगं. तानाजीभाऊंची म्हैसही पळाली, झकास पळाली, पण त्यांच्या मागे नाही. ती शेवंताच्या मागे बापूंच्या गाडीला लागली. भाऊ एकटेच गाडी फाडत पुढे निघून गेले. लोकांनी त्यांनाच टाळ्या दिल्या.

मी टाळ्या वाजवत नव्हते. मी पोट बघत होते. पाय आधी पडतो आणि पोट थोडं मागाहून हेलकावतं, जणू त्याला पळायचं नंतर कळतं. माझ्या चित्रात दोन्ही एकदम हलत होते. धावत अंगणात आले आणि दिवे लागेपर्यंत प्रत्येक चित्रातलं पोट जरा मागे ओढत बसले. रोहितने नुकताच टिपलेला गाडीचा आवाज जोडला.

दारात पणत्या लागल्या. औक्षण झालं. मधुरा मॅडमना व्हिडिओ कॉल लावून फोन कट्ट्यावर उभा केला. गल्ली पुन्हा लॅपटॉपभोवती.

बापूंनी चष्मा चढवला. लॅपटॉपवर आधी रिकामी गल्ली. मग लांबून गाडीचा आवाज. मग फटकाऱ्यांची एक काळी लाट कोपऱ्यावरून वळली आणि शिंगं दिसली. बापू दोन पावलं मागे सरकले. "अगं अगं अगं," असं पुटपुटले. म्हैस त्यांच्यापुढे येऊन थांबली, फुरफुरली, अंग थरारलं. गल्ली लॅपटॉपवर वाकली. तानाजीभाऊसुद्धा.

बापू बाजूला गेले. मांड्यांवरचं धोतर सावरलं आणि पोटाशी उकिडवे बसले. मान खाली घालून बघत राहिले. दोन्ही हात पुढे झाले, बोटांनी हवेत काहीतरी चाचपलं, हलक्या हाताने, वरून खाली, जसं पान्हा फुटायच्या आधी करतात तसं. आणि चष्मा न काढता, मान न वळवता ते ओरडले, "शालन! चरवी आण की गं! हुबी काय ऱ्हायलीस?"

काकी धारेचं भांडं आणायला दोन पावलं आत गेल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्या दारातच मटकन बसून हसायला लागल्या. ते हसू गल्लीभर पसरलं. बापूंनी गंमत केली की ते खरंच विसरले, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही. मी विचारलं तर म्हणतात, "तुला काय वाटतंय?"

फोनवरून मॅडम ओरडत होत्या, "काय झालं? मला कुणी सांगाल का?"

"म्हैस झाली," मी म्हणाले. "मॉडेल घेतलंत का?"

"कुठलं मॉडेल?" त्या म्हणाल्या. "कामाला लाग. अख्खी फिल्म काढायची आहे तुला."

मी ओरडले. यवतमाळकडच्या घशाने ओरडले, आणि कोल्हापूरने वळून बघितलं, हे मी अभिमानाने नोंदवते. रोहित उड्या मारत होता. काकींनी माझ्या तोंडात करंजी कोंबली.

तेवढ्यात तानाजीभाऊ पुढे आले. बापूंच्या डोळ्यांवरचा चष्मा त्यांनी जवळजवळ ओढूनच काढला, आत बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे वळले.

"हिचीच तेवढी काढणार व्हय? आमच्या सुंदरीनं काय घोडं मारलंय?"

"आणि आमची?" मागून आवाज आला. "आमची काय म्हस न्हाई?"

बघता बघता अंगणात माणसं आणि दारात म्हशी जमल्या. मी काकींचा गाऊन पुन्हा अंगावर चढवला, बाह्या वर सारल्या, कंट्रोलर हातात घेतले, काथ्या मागवला आणि सुंदरीच्या मालकाला पहिला प्रश्न विचारला.

"भाऊ, धार काढायला कुठल्या बाजूनं बसता?"